भोक पाडलेलं पातेलं

परवा बोरिवली पूर्वेला मंडईबाहेर टाकळा दिसला. नॅशनल पार्काच्या कडेच्या पाड्यांवरून येणाऱ्या बायका पावसाळ्यात तिथे ओळीने बसतात. पुढ्यात निळं प्लॅस्टिक, त्यावर ओल्या रानभाज्यांचे ढीग आणि डोक्यावर तिरकी धरलेली छत्री. "कवळा हाय ताई, आजच खुडला," बाई म्हणाली. मी जुडी हातात घेतली, एक पान चोळून नाकाशी नेलं. तो उग्र, जरासा औषधी वास आला आणि मी जागच्या जागी उभी राहिले. मागून एकाने पिशवीचा धक्का देत, "ओ मॅडम, घ्यायचं नसेल तर सरका ना," असं ऐकवलं. मी सरकले. कोणाचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, कोणाचं शाळेच्या जूनमध्ये. माझं गेलं वर्ष टाकळ्याला सुरू झालं होतं आणि ते पुरं होत आलंय, हे त्या जुडीने मला सांगितलं.

घरी येईपर्यंत फोनवर झाडंवाल्यांच्या ग्रुपचा मेसेज येऊन पडला होता. 'रविवारी रोपांची अदलाबदल. एक रोप आणा, एक रोप न्या. चहा आहे.' ग्रुपमधल्या लोकांनी खाली धडाधड अंगठे टाकले होते. मी खिडकीशी गेले आणि ग्रिलवर ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्याकडे बघत राहिले. ते पातेलं माझं नव्हतं. गेलं वर्षभर ते माझ्याकडे होतं, परत करायचं होतं, आणि परत करायचा विषय मनात आला की मी दुसरंच काम काढत होते. एका भोक पाडलेल्या पातेल्यापायी चाळिशी उलटलेल्या बाईने एवढं करावं का, असं कोणी विचारेल. विचारायला कोणी असतं तर प्रश्नच नव्हता म्हणा.

घाटकोपरची आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं, तशी मी बोरिवलीत आले. आईबाबा "तोपर्यंत गावाक रवतंव" म्हणून देवगडला गेले, भाऊ वहिनीच्या नोकरीमुळे पनवेलला, आणि मी इथे, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत. खोली, तिच्या कोपऱ्यात ओटा, एक खिडकी. खिडकीला ग्रिलचा पिंजरा आणि त्यात सकाळी थोडा वेळ ऊन. लग्न राहून गेलं, त्याची काही मोठी कथा नाही. मी घरी बसून विम्याचे क्लेम तपासते. कानाला हेडफोन असतो, पण त्यात कोणी बोलत नाही. वॉचमन मला फ्लॅटच्या नंबराने ओळखतो. इथल्या पहिल्या पावसाळ्यात कित्येक दिवस असे गेले, की दिवसभरात माझ्या तोंडून निघालेलं एकच वाक्य 'ओटीपी लिहून घ्या' हे असायचं. सामान आणणारा मुलगा लिहून घ्यायचा, जायचा, आणि दार लावताना मला वाटायचं, अजून दोन आकडे जास्त असते तर काय बिघडलं असतं.

आईचा फोन रोज यायचा. "जेवलंस काय गो?"

"जेवले."

"काय केल्लंस?"

"आमटी-भात."

बहुतेक वेळा ते खरं नसायचं. एका माणसाची आमटी होत नाही हो. कितीही कमी डाळ घेतली तरी ती दोन दिवस पुरते, आणि दुसऱ्या दिवशीची आमटी एकट्याने गरम करून खाण्यात जी उदासी आहे, ती मला अजून नीट सांगता आलेली नाही. साखर तर मी आणणंच सोडलं होतं. मी बिनसाखरेचा चहा पिते, पाहुणा कोणी येत नाही, मग डब्यात मुंग्यांसाठी ठेवायची का?

त्या वर्षी मे महिन्यात बाबांनी आंब्याच्या पेटीबरोबर एका पिशवीत माती पाठवली. तांबडी, बारीक खड्यांची, कोरडी माती. "मुंबयची माती म्हणजे नुसतो चिखल. ह्येच्यात काय्येक लाव," असं फोनवर फर्मान. तोवर मी आयुष्यात काही लावलं असेल तर ते मोबाइल चार्जिंगला. तरी बाबांचा मान राखायचा म्हणून एक कुंडी आणली, तीत माती ओतली आणि मिसळणाच्या डब्यातल्या चिमूटभर मेथ्या टाकल्या. पाऊस लागला. काही दिवसांनी कोंब आले, त्यातले बरेचसे कुजले आणि एक मात्र पठ्ठ्या असा वाढला की बघत राहावं. गोलसर पानं, जोडीजोडीने. मी म्हटलं, वा! घरची मेथी म्हणजे घरची मेथी.

पण एक भानगड होती. संध्याकाळ झाली की तिची पानं मिटायची. दोन-दोन पानं एकमेकांना चिकटून खाली मान घालायची. पहिल्या दिवशी मी घाबरलेच. गेली मेथी! मी तांब्याभर पाणी घातलं. सकाळी बघते तर टवटवीत. मग रोज संध्याकाळी ती मिटायची, रोज मी धावत पाणी घालायची आणि रोज सकाळी तिला वाचवल्याचं श्रेय घ्यायची. पुढे पुढे मी चहाचा कप घेऊन त्या मिटण्याच्या वेळेला खिडकीत बसू लागले. घरात आपल्याशिवाय आणखी कोणीतरी झोपायला निघालंय, एवढंही त्या दिवसांत पुष्कळ वाटायचं.

गेल्या वर्षीच्या अदलाबदलीचा कागद मी लिफ्टमध्ये वाचला होता. लिफ्टमध्ये मी सगळं वाचते, त्यामुळे कोणाकडे बघावं लागत नाही. 'नवशिक्यांचं स्वागत' असं शेवटी लिहिलं होतं. स्वागत हा शब्द माझ्यासाठी कोणी बऱ्याच दिवसांत वापरला नव्हता. त्या रविवारी मी इस्त्रीचा कुर्ता घातला, कुंडी छातीशी धरली आणि पावसातून मागच्या सोसायटीच्या हॉलवर गेले.

दाराशी ओल्या छत्र्यांचा ढीग, आत जोडून मांडलेली प्लॅस्टिकची टेबलं, त्यावर झाडंच झाडं. हॉलमध्ये माती, ओल्या चपला आणि आल्याचा चहा यांचा एकत्र वास. सगळे सगळ्यांना ओळखत होते. "अरे, तुझा जास्वंद कसाय?" "मेला यार." "वाट लावलीस ना?" असं जोरजोरात चाललेलं. ग्रुप चालवणाऱ्या मीनलबेन हातात चिठ्ठ्या घेऊन फिरत होत्या. त्यांनी मला एक दिली आणि म्हणाल्या, "नाव लिहा. तुमचं नाही, झाडाचं." मी ठळक अक्षरांत लिहिलं, 'घरची मेथी'.

मग मी भिंतीला टेकून उभी राहिले. लोक येत, वाकून बघत, चिठ्ठी वाचत आणि पुढे जात. एक-दोघे हसलेही. मला वाटलं, मेथीसारखी साधी भाजी आणली म्हणून हसतायत. शेवटी बर्मुडा घातलेले एक गृहस्थ फोन पुढे धरून आले, त्यांनी माझ्या रोपाचा फोटो काढला आणि स्क्रीन मला दाखवत म्हणाले, "मॅडम, ही मेथी नाहीये. वीड आहे. रस्त्याच्या कडेला उगवतं ना, ते." ते वाईट बोलले नव्हते. उलट, माझी फसवणूक होऊ नये अशा काळजीने बोलले होते. मी "अच्छा, अच्छा" म्हटलं. टेबलं रिकामी होत गेली. तुळशी गेल्या, मनीप्लँट गेले, कोणीतरी आणलेलं निवडुंगसुद्धा गेलं. माझी कुंडी मात्र जागची हलली नाही. शाळेत खो-खोचे गट पाडताना शेवटी उरायची सवय होती मला, पण तेव्हा निदान बाईंना मला कुठल्यातरी गटात घालावंच लागायचं.

कुंडी उचलून गुपचूप निघावं म्हणून मी पुढे झाले, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आत आल्या. पदर भिजलेला, गुडघ्यात किंचित वाकलेल्या, आणि दोन्ही हातांत धरलेलं स्टीलचं मोठं पातेलं. पातेल्यात गवती चहाचं जुडगं, त्याची पाती त्यांच्या चष्म्याला लागत होती. त्यांनी पातेलं टेबलावर ठेवलं, श्वास घेतला आणि सरळ माझ्या कुंडीतलं एक पान खुडून चोळलं.

"हे कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं. "मेथी म्हणून लावलं होतं, पण..."

"मेथी? अगं, टाकळा आहे हा!"

"रान आहे ते काकी," बर्मुडावाले मागून म्हणाले. "मी ॲपवर टाकून बघितलं."

"तुमच्या ॲपला भाजी येते का करता?" बाईंनी मान न वळवता विचारलं. ते बिचारे हसले. बाई माझ्याकडे वळल्या. "माती कुठली?"

"गावची. बाबांनी पाठवली."

"मग बी मातीतनं आलं. तुझ्या मेथ्या गेल्या कुजून. गाव कुठलं?"

"देवगड."

"मी वेंगुर्ल्याची," त्या म्हणाल्या, आणि एकदम त्यांचा आवाज बदलला. "देवगडची तू, नि तुका टाकळो वळखूक येणा नाय?"

मला इतकं हसू आलं. त्या हॉलमध्ये माझा पहिला मोठा आवाज तो. "मी भाजीच खाल्लीय हो दरवर्षी. झाड कधी उभं बघितलं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे शिजवलेलाच ओळखतेस," त्या म्हणाल्या. "आणि काय गं, संध्याकाळी पानं मिटतो ना?"

"हो! मग मी पाणी घालते."

"पाणी कसलं घालतेस? झोपतो तो. झोपलेल्याच्या तोंडावर पाणी मारतेस रोज!"

त्यांनी माझी कुंडी उचलून काखेला लावली आणि आपलं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "हा गवती चहा ने. पातेलं मात्र परत आणून द्यायचं हं. घरी. इथे नको. समोरची पिवळी बिल्डिंग, बी विंग, तिसरा मजला."

"आत्ताच देते ना, रोप पिशवीत काढून घेते."

"आत्ता नको. मुळं दुखावतील. जम बसू दे त्याचा." मग जाता जाता थांबून, "घरात किती माणसं?"

"मी एकटीच."

त्यांनी अरेरे केलं नाही, की 'एकटीच?' असंही केलं नाही. "मग चहाला दोन पाती पुरतील," एवढंच म्हणाल्या, आणि टाकळा घेऊन पावसात गेल्या.

घरी आल्यावर मी ते पातेलं नीट बघितलं. चार-पाच माणसांचं वरण होईल एवढं मोठं, काठाला चेपलेलं, आणि बुडाला खिळ्याने ठोकून पाडलेलं भोक. बाहेरून काठाखाली बारीक ठिपक्याठिपक्यांत नाव कोरलेलं, 'सौ. कुसुम हीस मावशीकडून'. मी नाव विचारलंच नव्हतं, ते पातेल्याने सांगितलं. मनातल्या मनात मी त्यांना कुसुममावशी म्हणू लागले. खरं तर पातेल्यावरची मावशी म्हणजे कुसुमची मावशी, कुसुम स्वतः नव्हे, पण आमच्यात वाद घालायला तिसरं कोण होतं?

वाद नव्हता, पण एक अडचण होती. घाटकोपरला आमच्या मजल्यावर मी वाट्या पोचवायचं काम केलंय. आईने माशांचं तिखलं केलं की एक वाटी नाईकांकडे, त्यांच्याकडे घावन झाले की ताटली आमच्याकडे. वर दुसरी ताटली झाकण घालून मी जायची आणि येताना रिकाम्या हाताने कधी यायची नाही. 'रिकामा भांडा परत देव नये' हा आमच्या घरातला कायदा होता. घरात काही नसेल तर आई वाटीत साखर घालायची, साखर संपत आली असेल तर साखरेचे चार दाणे. नाईककाकू ती वाटी घ्यायच्या, चार दाणे तोंडात टाकायच्या आणि वाटी फडताळात ठेवायच्या. एकेक वाटी अशी वर्षानुवर्षं ये-जा करत राहिली, की मुळात ती कोणाची हे काठावरचं नाव वाचल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या नावाच्या कितीतरी वाट्या मी नाईकांच्या ताटात बघितल्यात.

बिल्डिंग पडणार, हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्यावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. मीटिंगा झाल्या, सह्या झाल्या, तरी नाही. मग एका सकाळी नाईककाकू ओचा भरून आमची भांडी घेऊन दारात आल्या. वाट्या, दोन पेले, एक झारा, एक डब्याचं झाकण. "तुमची बघून घ्या वहिनी," म्हणाल्या. आईने आपल्या फडताळातून त्यांची काढली. दुपारपर्यंत मजल्यावरच्या सगळ्या बायका नावं वाचून वाचून एकमेकींची भांडी परत करत होत्या. आणि प्रत्येकीने प्रत्येक वाटीत साखर घातली होती. आईने ती सगळी साखर एका बरणीत ओतली, फडक्याने बरणीचं तोंड बांधलं आणि मग ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. बिल्डिंग खरंच पडणार, हे मला त्या दिवशी कळलं. भांडी परत झाली म्हणजे संपलं.

तर, अडचण ही. पातेलं रिकामं द्यायचं नाही. आणि त्याला भोक. साखर घातली तर जिन्यात सांडत जाईल. म्हणजे त्यात मातीच राहू शकते, आणि मातीत रोप. गवती चहाचं जुडगं वाढवायचं, त्याचे दोन भाग करायचे, एक आपल्याला ठेवायचा आणि दुसरा पातेल्यातून परत न्यायचा. ज्या बाईला मेथी आणि टाकळा यांतला फरक कळत नाही, तिच्यावर हे येऊन पडलं.

गवती चहा भाद्रपदात पिवळा पडला. मी व्हिडिओ बघितले. एक म्हणत होता पाणी कमी, दुसरा म्हणत होता पाणी जास्त. मी पातेलं ग्रिलच्या डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात नेलं, तिथे सकाळचं ऊन जरा जास्त वेळ टिकतं. हिवाळ्यात तो सावरला. रोज दोन पाती कापून चहात घालायची, खरोखर दोन पुरतात. कापताना बोटांना जो वास लागतो, तो दुपारपर्यंत कीबोर्डवर राहायचा. आईने एकदा व्हिडिओ कॉलवर पातेलं पाहिलं. "कोणाचा गो ता पातेला? आपला नाय ता," ती म्हणाली. गावाला बसून तिला फोनमध्ये आपलं आणि परकं पातेलं कळतं.

"एका बाईंचं. परत द्यायचंय."

"रिकामा देव नको हां."

संक्रांतीपर्यंत जुडगं चांगलं फुगलं होतं. दोनाचे चार भाग झाले असते. तरी मी गेले नाही. दूध आणायला जाताना पिवळ्या बिल्डिंगवरून जायची, मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे बघायची. तिथल्या ग्रिलमध्ये काहीतरी चकाकायचं, स्टीलचंच असणार. एकदा गेटपाशी वॉचमनने विचारलंही, "किधर जाना है?" मी म्हटलं, "कहीं नहीं," आणि दुधाची पिशवी हलवत पुढे गेले.

ही मुखदुर्बळता नव्हती, आळसही नव्हता. खरं ते सांगते. पातेलं माझ्याकडे होतं तोवर या अख्ख्या बोरिवलीत एक दार असं होतं, की ज्याची बेल मी कधीही वाजवू शकत होते. "तुमचं पातेलं" म्हटलं की ते उघडणार होतं. वाईट दिवस असला, ताप आला, रविवार अंगावर आला, की मी त्या पातेल्याकडे बघायची आणि म्हणायची, आहे अजून. बेल वाजवली की ते कारण खर्च होणार. मग मी पुन्हा फ्लॅटचा नंबर. माणसं अडीअडचणीसाठी सोनं जपून ठेवतात, मी दुसऱ्याचं पातेलं जपून ठेवलं होतं.

पण परवा तो टाकळा दिसला आणि मला लाज वाटली. वर्षभर ठेवून घेतलेल्या भांड्याला उसनं म्हणत नाहीत. आमच्या आईने तर त्याला फार वाईट शब्द वापरला असता. शनिवारी संध्याकाळी मी वर्तमानपत्र पसरून बसले आणि जुडगं उपटलं. मुळांनी पातेल्याचा अगदी आकार घेतला होता, काठाच्या पोच्यासकट. सुरीने मधोमध कापताना मी चक्क "सॉरी, सॉरी" म्हणत होते. एक भाग रंगाच्या जुन्या डब्यात लावला. पातेलं घासलं, नाव चमकेपर्यंत घासलं, आणि दुसरा भाग त्यात बसवला.

रविवारी हॉलमध्ये तीच टेबलं, तोच आल्याचा वास. बर्मुडावाल्या गृहस्थांनी लांबूनच हात केला. "काय मॅडम, या वेळी पण मेथी?" गेल्या वर्षी लागलं असतं ते मला, यंदा बरं वाटलं. कोणाच्या तरी लक्षात होते मी. पण कुसुममावशी दिसेनात. मीनलबेनना विचारलं. "कोण, ते पातेलावाले आजी?" त्या म्हणाल्या. "यंदा नाय येणार त्या. गुडघा लई दुखते. खाली उतरतच नाय."

मी चहा न घेता निघाले. पिवळ्या बिल्डिंगच्या वॉचमनला या वेळी ठणकावून सांगितलं, "थर्ड फ्लोअर, बी विंग." तीन जिने चढून गेले.

बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने आतून पाय ओढत आल्याचा आवाज झाला. लाकडी दार उघडलं. जाळीच्या दाराआडून त्यांनी चष्म्यातून बघितलं. चेहरा ओळखीचा झाला नाही. मग नजर खाली उतरली. "अगो बाई," त्या म्हणाल्या. "माझं पातेलं!" आणि मग पुन्हा वर, माझ्याकडे बघत, "टाकळेवाली ना तू? ये, ये आत."

घर लख्ख होतं आणि शांत होतं. मी ती शांतता ओळखते, माझ्याकडे तसलीच आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची मांडणी जवळजवळ रिकामी होती. एक तवा, एक कढई, एक लहानसं पातेलं, दोन-चार डबे. भांड्यांच्या जागी भिंतीवर नुसते गोल डाग. आणि खिडकीच्या ग्रिलमध्ये बाकी सगळं. मोठी पातेली, दांडा तुटलेला कुकर, डाळ-तांदळाचे डबे. भरल्या घराचा अख्खा स्वयंपाक तिथे मांडून ठेवलेला होता, फक्त त्यात माती होती.

आणि प्रत्येकात टाकळा.

"बघ तुझा पाहुणा," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर शेंगा तडकल्या, बी सगळीकडे उडालं. पाऊस लागला नि हे असं. मीनल म्हणते, उपटून टाका. मी कशाला उपटते? खुडते नि खाते." मग पातेलं हातात घेऊन त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं. कोरलेल्या नावावरून अंगठा नेला. "घासून आणलंस."

"उशीर झाला फार," मी म्हटलं.

"उशीर कसला? दरवर्षी देते मी एक-दोन. आत्तापर्यंत एकही परत आलं नाही. लोकांना वाटतं, भोक पाडलेलं पातेलं, त्याचं काय परत द्यायचं?" त्या ओट्याला टेकल्या. "मोठी भांडी ठेवून मी तरी काय करणार होते गं. ह्यांना जाऊन झाली वर्षं. मुलगी पुण्याला, फोन करते रोज, मी फोन ओट्यावर ठेवून बोलते आपली. म्हटलं, भांडं बाहेर गेलं तर कोणीतरी ते घेऊन येईल." मग थोडं थांबून, "तू का नाही आलीस इतके दिवस?"

काहीतरी बहाणा सांगता आला असता. काम होतं, पाऊस होता. पण ज्या बाईने आत्ताच एवढं सांगितलं, तिच्याशी खोटं बोलवेना. "परत दिलं असतं तर मग यायला कारण राहिलं नसतं," मी म्हटलं.

त्यांनी आधण ठेवलं. नुकत्याच आणलेल्या जुडग्यातली चार पाती कापली, हातानेच मुरडून गाठ मारली आणि आधणात टाकली. साखर घालताना मला विचारलं नाही. गोड चहा मी किती वर्षांनी प्यायले कोण जाणे. आम्ही खिडकीशी बसलो. बाहेर आभाळ भरून लवकर अंधारून आलं होतं, आणि बघता बघता त्या सगळ्या पातेल्यांतला टाकळा पानं मिटू लागला. "झोपले," कुसुममावशी म्हणाल्या. आम्ही दोघी उगीचच जरा हळू बोलू लागलो.

निघताना त्यांनी मांडणीवरचा एक लहान डबा काढला, कढईतली टाकळ्याची भाजी त्यात भरली, वर ओल्या खोबऱ्याची चिमूट घातली. "भात आहे ना घरी? मग झालं," म्हणत डबा माझ्या हातात दिला. गरम होता. मी जाळीचं दार ओढून घेत होते, तेव्हा त्या आतून म्हणाल्या, "डबा परत आण हं. आणि बघून घे, याला भोक नाही पाडलेलं. साखर राहते यात. रोप उगवायची वाट बघत बसू नकोस."

घरी आले. भात लावला, भाजी सगळी संपवली. तीच चव, किंचित कडवट, आईच्या हातच्यापेक्षा मीठ कमी. डबा घासला, पुसला आणि छत्री घेऊन खाली वाण्याकडे गेले.

"साखर द्या."

तो बघतच राहिला. इतक्या दिवसांत मी त्याच्याकडे साखर कधी मागितली नव्हती. "काय ताई, आज पाहुणे आले काय?"

"नाही हो," मी म्हटलं. "मला जायचंय."